सगुणाच्या नावाचा धवला

पेण, २२ ऑक्टोबर १९९९

सगुणा,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. दुसरा कागद घेणार नाही.

पाकीट सोनीच्या पत्त्यावर टाकतोय. मागे पाठवणारी म्हणून गिरजा असं नाव घातलंय, म्हणजे तिच्या घरी कोणी विचारलं तर मैत्रीण म्हणून खपेल. ती तुला कॉलेजात आणून देईल. तिला सांग, फोडून वाचलंस तर बघ.

काम एकच आहे. पाकिटात कोरी कॅसेट आहे, साठ मिनिटांची. तिच्यावर मला तुझी पेटी भरून पाठव. गाणं नको, बोलणं नको, नुसती पेटी. सा वर चार वेढे, म वर दोन, परत सा वर दोन, मग प, मग म, आणि सा वर दोन. बारा झाले की परत पहिल्यापासून. तुला हे सांगायची गरज नाही, वर्षभर तू हेच वाजवलंस. पण लिहिताना बोटं आपोआप मोजायला लागली.

एकट्याने ब्लूज होत नाही गो. मला हे अमेरिकन गाणं शिकवणारे लिंगडोह साहेब रोह्याहून शिलाँगला परत गेले तेव्हा गिटार मला देऊन गेले, मागे वाजवणारा माणूस काही देऊन गेले नाहीत. आपण त्यांच्या खोलीत त्यांच्या कॅसेटी ऐकायचो तेव्हा किती सोपं वाटायचं. एक ओळ गायची, तीच परत गायची, तिसऱ्या ओळीत काय ते सांगून टाकायचं. आता मी गातो तेव्हा गिटार लंगडते, आणि गिटारने उत्तर द्यायला जातो तेव्हा खाली काहीच नसतं. विहिरीत पाय सोडून बसल्यासारखं वाटतं.

काय काय करून बघितलं ते सांगतो. पेणच्या कॅसेटच्या दुकानात विचारलं, वर गाणं नसलेलं, नुसतं मागचं संगीत मिळेल का. तो म्हणाला, गाणं नसलेली कॅसेट म्हणजे कोरी कॅसेट, देऊ का. दुसऱ्या खेपेला त्याने रियाझाची तबल्याची कॅसेट काढून दिली. एका बाजूला दादरा, दुसऱ्या बाजूला केरवा. दादऱ्यावर बसतं. खरंच बसतं, हळू ब्लूजला जो झोका असतो तसाच आहे. पण तबल्याला सा, म, प काय कळणार. आणि तो थांबत नाही. मी ओळ जरा लांबवली की तो पुढे निघून गेलेला असतो, मी जरा लवकर आलो की तो मागे रेंगाळत असतो. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी टेपरेकॉर्डरला लाथ मारली. झाकण तुटलंय, रबर लावून चालवतो.

तुझ्याबरोबर असं कधी झालं नाही. एकदाही नाही. म्हणून मागतोय.

मी डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलोय. पहिल्या शिफ्टला गेलो की दुपारी घरी. आईला सांगितलंय, पुढच्या वर्षी परत कॉलेजला बसेन. तुला खोटं सांगत नाही, बसणार नाही. गॅदरिंगला जे झालं त्याबद्दल प्रिन्सिपलसमोर माफी मागितली नाही आणि तुझ्या भावाचीही मागणार नाही. कमळाकरने तुला सगळ्यांसमोर पेटीवरून उठवलं नसतं तर माझा हात उठला नसता.

कॅसेट पाठव.

नाथा


पेण, २६ नोव्हेंबर १९९९

सगुणा,

पाच आठवडे झाले. दिवाळी आली, गेली. एक बाजू भरायला तीस मिनिटं लागतात.

मंगळवारी सुट्टी होती म्हणून रोह्याला आलो होतो. कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तू सोनीबरोबर बाहेर आलीस, मला बघितलंस आणि वळून आत गेलीस. नाही बघितलं असं सांगू नकोस, तुझी ओढणी फाटकाच्या कडीत अडकली होती आणि ती सोडवतानाही तू माझ्याकडे बघत होतीस. मग सोनी रस्ता ओलांडून आली आणि मला म्हणाली, तू जा, तिला तुझा त्रास होतो.

मी तिला काय बोललो ते तिने सांगितलं असेलच. पेटी वाजवते म्हणजे उपकार करते का, तिच्यासारख्या छप्पन मिळतील. बोललो ते बोललो.

मिळत नाहीत. छप्पन राहू दे, एक मिळत नाही. पेणला भजनी मंडळातल्या एका पेटीवाल्या बुवांकडे जाऊन आलो. माणूस चांगला. सगळं ऐकून घेतलं, बारा वेढे वाजवूनही दाखवले, आणि तेराव्याला माझ्याकडे बघून म्हणाले, पुढे? मी म्हटलं, पुढे परत हेच. ते म्हणाले, मग यात देव कधी येतो? त्यांनी भाता लावून टाकला आणि चहा पाजला.

त्या मंगळवारी रोह्याहून परत येताना पॅसेंजर निडीला क्रॉसिंगसाठी थांबली. इंजिन उभ्या उभ्या धडधडत होतं. गिटार नव्हती, पण त्या धडधडीवर मी डब्याच्या दारात बसून गायला लागलो.

मिठाची रास उभी, तुझा निरोप नाही
मिठाची रास उभी गो, तुझा निरोप नाही
पाऊस आला म्हणजे दोन्ही उरायचं नाही

चांगलं चाललं होतं. तेवढ्यात गाडी सुटली, धडधड बदलली आणि मी ओळीच्या मध्यावर लटकलो. आत भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, मेल्या, कोन मेला तुझा, असा का रडतंस? म्हटलं, गातोय. म्हणाली, मग बरा.

तू तिथे असतीस तर हसली असतीस. तू नव्हतीस म्हणून मला त्या बाईचा राग आला.

कॅसेट भरणार नसशील तर कोरीच परत पाठव. म्हणजे कळेल.

नाथा


पेण, १९ डिसेंबर १९९९

सगुणा,

कोरीसुद्धा आली नाही. राहू दे. आता मला तुझी पेटी नको. सापडलं.

आमच्या घराशेजारी गोदूबाय राहते, तिच्याबद्दल मी तुला कधीतरी बोललो असेन. जन्म मिठागरात गेला, पायांचे तळवे अजून पांढरे आहेत. आमच्या खाडीकडच्या गावांत ती धवलारीण. तुमच्याकडे रोह्याला बँड मोठा असतो, पण धवलारणीने लग्नाचा धवला गायल्याशिवाय तुमच्यातही हळद लागत नाही, तेव्हा धवलारीण म्हणजे काय ते तुला समजवायला नको. गोदूबायची जोडीदारीण होती पुतळीबाय. गोदूबाय एक ओळ म्हणायची, पुतळीबाय तीच ओळ उचलून परत म्हणायची, मग गोदूबाय पुढची. चाळीस वर्षं दोघी अशा गायल्या. पुतळीबाय श्रावणात गेली.

मागच्या आठवड्यात मी ओटीवर गिटार घेऊन बसलो होतो, सूर लावत. गोदूबाय तिच्या अंगणात वाल निवडत होती आणि स्वतःशी गुणगुणत होती. एक ओळ म्हणायची आणि गप्प. मग पुढची ओळ. आधी वाटलं विसरतेय. मग लक्षात आलं, पुतळीबायला ओळ उचलायला जेवढा वेळ लागायचा तेवढीच गप्प राहते. एक पळ कमी नाही की जास्त नाही. त्या मोकळ्या जागेत माझा हात आपोआप तारेवर गेला. तिने मान वर करून बघितलं आणि पुढची ओळ म्हटली.

एक ओळ, तीच ओळ परत. शिलाँगचा माणूस लागला मला हे शिकवायला, आणि शेजारी जन्मभर तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. म्हटलं, मी शिफ्टवरून येतो तेव्हा तू मिठावर असतेस, मला रोज सरावाला पाहिजे, यात भरून दे. मशीनमध्ये कशाला, म्हणून आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, पुतळीची जागा भरतंस तर भर. पण एका गोष्टीवर अडली. धवल्यात नवरा-नवरीचं नाव लागतं. मी म्हटलं, सरावालाच आहे, कोणतंही घाल.

“कोनतंही नाव धवल्यात जात नाय. नाव गेलं का लगीन अर्धं झालं. खोटं नाव मी तोंडातून काढत नाय.”

मग मी नावं सांगितली. कोणती ते तुला कशाला.

दोन्ही बाजू भरल्यात. रोज दुपारी शिफ्टवरून आलो की दार लावून तासभर तिच्याबरोबर गातो. गिटार तिच्या सुरापर्यंत खाली उतरवलीय, तारा सैल पडल्यात, घरघरतात, पण चालतं. तीही तबल्यासारखीच माझ्यासाठी थांबत नाही. ती पुतळीबायसाठी थांबते. पण त्या थांबण्यात मी मावतो.

तुझ्यावाचून अडत नाही, एवढंच कळवायचं होतं.

नाथा


पेण, ९ जानेवारी २०००

सगुणा,

बुधवारी तुमच्या घरी, अष्टमी गावात, जी म्हातारी आली ती गोदूबाय. हे एव्हाना तुला माहीत असेल. बाकीचं मी सांगतो.

नावं तुझी आणि माझी होती. तिने विचारलं होतं, ठरलंय का. मी व्हय म्हटलं. तिने विचारलं, तुझ्या आईला म्हाईत हाय? मी म्हटलं, इतक्यात बोलू नकोस, मुलीकडचे स्वतः येणार आहेत. ती कोणाला बोलली नाही. गोदूबाय शब्दाची पक्की आहे. तिने फक्त तिचं काम केलं. पुऱ्या धवल्यात मुलीचा मामा लागतो, काका, आत्या, सगळ्यांची नावं ओवायची असतात. सरावाला तिने दोघांच्याच नावावर भागवलं, पण लग्नाला तसं चालत नाही. म्हणून पौष लागायच्या आत नावं घेऊन ठेवावीत असा विचार करून पहाटेच्या पॅसेंजरने एकटी रोह्याला आली. पूल ओलांडून विचारत विचारत तुमच्या घरी. मी डोलवीला होतो.

माझ्या खोलीबाहेर हे जाणार नाही असं मला वाटलं होतं. आपल्या लोकांत नाव कसं चालत जातं हे मला कळायला पाहिजे होतं. मी कुठल्या मोठ्या शहरात वाढलेलो नाही.

परत आली ती थेट माझ्या ओटीवर येऊन बसली. पदरात नारळ आणि तांदूळ तसेच बांधलेले. तुझ्या आईने तिला पाणी दिलं, म्हणाली. मी नवऱ्याकडची धवलारीण, मामाचं नाव काय, आत्या किती, असं तिने सरळ विचारलं. तुझी आई बघतच राहिली. मग तुझे बाबा बाहेर आले, मागून कमळाकर. कुठला नाथा म्हणून त्याने विचारलं, तर गोदूबायने कौतुक सांगितलं. डोलवीला कंपनीत हाय, माझ्यासंगती गातो, पोरगा गुनाचा. दोघांची नावं मी गायली बी. त्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा तिला कळलं की काही ठरलेलं नाही. तुझ्या आईने तिला दारापर्यंत सोडलं, एवढं ती दोनदा सांगते.

मला ती एकच बोलली. “मी तुना इचारलेलं, ठरलंय का? तू व्हय बोल्लास.”

ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ओरडली नाही.

सगुणा, मी एकच शब्द बोललो. एवढ्या एका शब्दाने काय होतं? आणि तू ती कॅसेट पाठवली असतीस तर मी गोदूबायकडे गेलोच नसतो. तूही विचार कर याचा. तीस मिनिटं पेटी मागितली होती, तुझा हात नव्हता मागितला.

हे खोडायला पाहिजे. खोडत नाही.

सोनीच्या घरी शुक्रवारी गेलो होतो. तिने दार उघडलं नाही, खिडकीतून म्हणाली, सगुणा गुरुवारपासून कॉलेजला आली नाही. म्हणजे काय? बाबांनी काय केलं? मारलं का? एक ओळ लिही. शिव्या लिही, पण लिही.

नाथा


पेण, २४ जानेवारी २०००

सगुणा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्या दिवशी जे लिहिलं ते फाडावं लागलं.

तू लिहिलंस की बाबांनी कॉलेज बंद केलंय, एप्रिलच्या परीक्षेला बसू देणार नाहीत. त्यांना वाटतं तुला सगळं माहीत होतं, तूच नाव गायला लावलंस. तीन वर्षं अभ्यास केला आणि आता सही करायला बाप तयार नाही, हे तू एका ओळीत लिहिलंयस. मी असतो तर चार पानं लिहिली असती.

मग कॅसेटचं.

दिवाळीत सगळे घरी होते म्हणून पेटी काढता आली नाही. त्यानंतर घर रिकामं मिळेल तशी तू थोडी थोडी भरत होतीस. एक बाजू पूर्ण झाली होती. दुसरी निम्मी झाली होती आणि तू दोन्ही मिळून पाठवणार होतीस. नोव्हेंबरात त्या मंगळवारी मी फाटकासमोर उभा होतो तेव्हा ती तुझ्या पिशवीत होती. तू आत वळलीस, कारण कमळाकर तुला न्यायला येणार होता आणि त्याच्यासमोर मी परत काही करीन अशी तुला भीती वाटली. गोदूबाय येऊन गेली त्याच दिवशी तू ती चुलीत टाकलीस.

हे वाचून मी काय केलं ते सांगत नाही. हाताला पट्टी आहे, डाव्या. बरं होईल.

आणि गॅदरिंगचं. कमळाकरने तुला पेटीवरून उठवलं नव्हतं. शेवटची एसटी निघत होती, बाबा खाली थांबले होते, एवढंच सांगायला तो स्टेजमागे आला होता. “सगुणा, ऊठ” एवढंच मी ऐकलं. पुढचं त्याला मी बोलू दिलं नाही. चौदा महिने मी लोकांना सांगत फिरलो की त्याने तुला उठवलं. केरू माझ्याबरोबर शिफ्टला असतो, त्याला विचार, त्यालाही पाठ आहे.

तू लिहिलंस, ‘तू धावायचास, मी सांभाळून घ्यायचे. तुला वाटायचं आपलं जमतं.’ हे मी आधी खोटं मानलं. मग दादऱ्याची कॅसेट परत लावली. तबला पुढेही जात नाही, मागेही रेंगाळत नाही. तो जिथल्या तिथेच आहे.

मी येतो. तू म्हणालीस तसं, गोदूबायला घेऊन, रविवारी. तुझ्या बाबांसमोर सांगतो की तुला काही माहीत नव्हतं. तू लिहिलंस, उपकार म्हणून येऊ नकोस, तू केलंस ते तू सांग. तसंच. कमळाकर मारेल तर मारू दे. मी हात खिशात ठेवीन.

गोदूबायची कॅसेट पुसायला सांगितलीस. पुसतो.

नाथा


पेण, ३१ जानेवारी २०००

सगुणा,

काल तू आतल्या खोलीत होतीस. ओटीवर काय झालं ते तुला अर्धंच ऐकू आलं असेल, आणि घरातले पुरं सांगायचे नाहीत, म्हणून लिहितो.

गोदूबायला तुझ्या आईने आत बोलावलं, ती गेली नाही. पायरीवर बसली. म्हणाली, मी चुकीच्या कामाला आलेली, आता बरोबर कामाला आलेय, बसायला नाय. कमळाकर दारात उभा होता. त्याचा पुढचा दात मी पहिल्यांदा नीट बघितला. अर्धा तुटलाय. मला वाटायचं नुसतं रक्त आलं होतं.

मी सगळं सांगितलं. ओळीने, न थांबता, चुकत चुकत. गोदूबायने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, तिचा दोष नाही. सगुणाला माहीत नव्हतं. कॅसेट मीच मागितली होती. गॅदरिंगला कमळाकरची चूक नव्हती. हे शेवटचं म्हणताना माझा घसा आटला आणि कमळाकर म्हणाला, “आवाज बसला काय रे गायकाचा?” मी हात खिशातून काढले नाहीत. मग तोच आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि माझ्यासमोर आपटला. मी प्यायलो.

तुझ्या बाबांनी दोनच प्रश्न विचारले.

“तिला हे ठाऊक होतं?”

“नाही.”

“तिने तुला कधी शब्द दिला होता?”

सगुणा, गेल्या वर्षी कुंडलिकेच्या पुलावर तू मला काय म्हणाली होतीस ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पुलावर तिसरं कोणी नव्हतं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. गोदूबायही बघत होती, आणि तिला खोटं लगेच कळतं, आता तर कळतंच.

मी म्हटलं, “नाही.”

बाबा म्हणाले, परीक्षेला बसेल ती. त्यानंतर तिचं लग्न आहे, मुलगा नागोठण्याचा आहे, आम्ही बघितलाय. या घरात तुझा एक कागद येता कामा नये. मी हो म्हटलं. सोनीचं घर म्हणजे तुमचं घर नव्हे, एवढी चलाखी मला शेवटची करू दे.

परतताना गाडीत गोदूबाय खिडकीकडे तोंड करून बसली होती. नागोठणं गेल्यावर म्हणाली, त्या पोरीचा आवाज मी ऐकलाच नाय, कशी बोलते? मी सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

अभ्यास कर.

नाथा


पेण, २३ एप्रिल २०००

सगुणा,

परत लिहिणार नव्हतो. सोनी पेणला बसस्टँडवर भेटली, म्हणाली तुझे सगळे पेपर झाले, चांगले गेले. फिजिक्सचा अवघड होता पण तू पुरे तीन तास बसून होतीस. त्यामुळे लिहितोय असं नाही. एक सांगायचं राहिलंय.

जानेवारीत मी लिहिलं होतं, कॅसेट पुसतो. पुसली नाही. अडीच महिने रोज दुपारी दार लावून तिच्याबरोबर गात होतो. एक सबब होती. गोदूबायचा आवाज दुसऱ्या कुठल्याच कॅसेटवर नाही आणि त्या दिवसापासून ती गायलेली नाही. वाल निवडतानाही नाही. गावात दोन हळदी झाल्या, दोन्हीकडच्या बायका तिला बोलवायला आल्या, ती म्हणाली, माझ्या तोंडून खोटं गेलंय. मग मी कसा पुसणार? असं मी स्वतःला सांगत होतो. खरं एवढंच की त्यात तुझं नाव होतं आणि ती ते फार सावकाश म्हणते.

गेल्या आठवड्यात तुझ्या आईने नागोठण्याच्या एका बाईबरोबर गोदूबायला निरोप पाठवला, हे तुला कदाचित माहीत नसेल. म्हणाली, झालं ते झालं, त्या दिवशी तुम्ही उपाशी गेलात, आता मुलीच्या हळदीला तुम्हीच गायला या. तुझी आई फार मोठ्या मनाची आहे. गोदूबायने तो निरोप ऐकून घेतला, त्या बाईला जेवू घातलं आणि नाही म्हणून पाठवलं. मग माझ्याकडे आली.

मी म्हटलं, जा ना, त्यांनीच बोलावलंय.

“ते नाव माझ्या तोंडून एकदा गेलंय. दुसऱ्याच्या नावासंगती ते मी परत कसं घेऊ? आनी माझ्या तोंडचं नाव दुसरी बी कोन घेनार नाय. इचारलं मी. वाशीत इचारलं, हमरापुरात इचारलं.” मग टेपरेकॉर्डरकडे बोट केलं. “ते यातून काढ. माझ्यासमोर काढ.”

पुसायचं म्हणजे वरून काहीतरी भरावं लागतं. दुसरं काही भरायला मला जीव झाला नाही. म्हणून नुसतंच बटण दाबलं आणि गप्प बसलो. एक बाजू तीस मिनिटं. ती म्हणाली मी बसते, आणि भिंतीला टेकून बसली. आई बाहेर कोंबड्यांना हाकलत होती, तेवढं उतरलं असेल. मी आयुष्यात कधी तीस मिनिटं काही न करता बसलो नव्हतो. पाच मिनिटांनंतर बघितलं तर गोदूबायचे ओठ हलत होते. आवाज नाही. कॅसेट पुढे जात होती तसतशी ती आतल्या आत म्हणत होती. ओठांवरून मला ओळ कळत होती, पुतळीबायची मोकळी जागा कळत होती. तुझं नाव आलं तेव्हाही कळलं.

बाजू संपली, मी उलटवली. तीस मिनिटं परत.

झाल्यावर तिने ऐकायला मागितलं नाही. लुगडं झटकून उठली आणि मिठावर गेली. वाऱ्याने तिच्या डोक्यावरचा पदर उडाला तरी तिने तो सावरला नाही.

तुमच्याकडे हळदीला बँड असेल, सनई असेल, कॅसेटवरची गाणी असतील. कमळाकर सगळं नीट करेल, तो तसा आहे. आत्या, माम्या मांडवात बसतील आणि कोणीतरी विचारेल, धवलारीण का नाही आली. तुझी आई काहीतरी सांगेल. आपल्यात मुलीचं नाव आयुष्यात एकदाच असं गातात. तुझंही गायलं गेलं, सगुणा. डिसेंबरात, दुपारी, आमच्या पत्र्याच्या खोलीत, सरावासाठी. ऐकायला मी होतो. तू नव्हतीस.

नाथा